नफीसाचं दूध

नफीसाचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही, असं मी इथे छावणीत सगळ्यांना बजावून ठेवलंय. तरी बाया विचारतातच, की कल्तुमा, तुझे दोन्ही नातू सीमेपलीकडून जिवंत आले कसे? आमच्या मसालीत जमातीच्या लोकांची तान्ही पोरंसुद्धा मुलगे म्हणून त्या रस्त्यावर मारली गेली. मग सांगावंच लागतं.

तिकडे जिनेना शहरात नफीसाचं घर आमच्या कुंपणाला लागून होतं. ती अरब, आम्ही मसालीत. भांडणं रोजचीच. तिच्या शेळ्या माझी भेंडी खायच्या, मी शेळ्यांच्या पाठीत काठी घालायचे. पण माझ्या सुनेला, अश्ताला, जुळे झाले आणि तिचं दूध कसंबसं एकालाच पुरायला लागलं, तेव्हा नफीसाची मुलगीही अंगावर पीत होती. ही बाई न बोलावता आली आणि जुळ्यांतल्या बरकाला उचलून पाजायला बसली. तोम आईकडेच राहिला. तेव्हापासून बरका नफीसाचा दूधमुलगा, तिच्या पोरांचा भाऊ. हे नातं आमच्यात आणि त्यांच्यात रक्ताइतकंच पक्कं. दूधभावंडांची लग्नं होत नाहीत आणि दूधभावावर कुणी हात उचलत नाही.

पुढे शहर पेटलं. आमच्या पोरांच्या गोळीने नफीसाचा मधला मुलगा गेला, आणि त्यांच्या लोकांनी आमची अख्खी आळी जाळली. ती मला बघून थुंकायला लागली. मीही थुंकायचे, मी का मागे राहू?

आम्ही सीमेकडे निघालो ते अंगावरच्या कपड्यांनिशी. पोरांना मुलींचे फ्रॉक चढवले होते. अर्ध्या वाटेवर बंदूकवाल्यांनी अडवलं आणि पुरुषांना बाजूला काढलं. माझ्या मुलाला, इशागला, ज्याने गोळी घातली तो हम्माद होता, नफीसाचा थोरला. लहानपणी माझ्याच चुलीपाशी बसून बाजरीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, असीदा, गिळायचा मेला! इशाग पडला आणि याने त्याच्या पायातले बूट काढून घेतले. मला रडायलाही फुरसत नव्हती, कारण तो आता फ्रॉक वर करून बघत होता.

दोघेही मुलगेच, मोठे होऊन आपल्यावरच उलटतील, त्यापेक्षा आत्ताच संपव, असं त्याचा जोडीदार हसत हसत म्हणाला. हसत होता, सांगते ना.

"हम्माद," मी म्हणाले, "तुझ्या आईचं दूध प्यालाय हा. भावाला मारणार?"

"कोणता?"

"दोघंही." मी बेधडक खोटं ठोकून दिलं. हुबेहूब सारखी पोरं, त्याला काय कळणार होतं?

पण त्याची आई तिथेच होती. लुटीचं सामान भरायला त्यांच्या बाया गाढवांच्या गाड्या घेऊन आल्या होत्या. नफीसाच्या गाडीवर माझं असीद्याचं पातेलं होतं, एका बाजूला चेपलेलं, मी लांबूनही ओळखलं. त्याने हाक मारली, ती उतरून आली. जन्मात मी कुणापुढे पदर पसरला नव्हता. तिच्यापुढे तोंडाने नाही, पण डोळ्यांनी पसरला. तिने दोन्ही पोरांची डोकी वळवून कानामागे पाहिलं.

"तीळवाला माझा," ती म्हणाली. "दुसरा माझा कुणी लागत नाही."

तोंडाला येईल ते मी तिला बोलले. तुझं तळपट होईल म्हणाले, तुझ्या दारात कुत्रं उभं राहणार नाही म्हणाले. हम्मादने तोमला अश्ताच्या हातातून ओढून घेतलं.

"थांब," नफीसा म्हणाली. तिने तोमला त्याच्याकडून काढून घेतलं, तिथेच धुळीत फतकल मारून बसली आणि पोराला छातीशी लावलं. आदल्या दिवसापासून उपाशी होतं ते, लगेच चोखायला लागलं. जोडीदार भडकला, ही कसली नाटकं म्हणाला. तिने मानही वर केली नाही.

"एक घोट पोटात गेला की झालं, जा, मशिदीतल्या फकींना विचारून ये. आता हात लावून दाखव माझ्या पोराला."

कुणी लावला नाही. हम्माद तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिला.

तिने तोमला माझ्या मांडीवर टाकलं. मी वेडी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो झटकला.

"तुझ्यासाठी नाही केलं, कल्तुमा. उद्या हे मोठे होतील, बापाचा सूड घ्यायला निघतील. आता दोघंही हम्मादचे भाऊ. माझं एक पोर तुम्ही खाल्लंत, हे थोरलं मी तुम्हाला खाऊ देणार नाही."

मग ती गाडीवर चढली आणि माझ्या पातेल्याला टेकून बसली.

आता दोघंही इथे छावणीत रांगतात. तोम जरा जास्तच दणकट झालाय, त्याला बघितलं की तो दिवस आठवून माझं डोकं फिरतं आणि मी त्याला उगाच कवटाळून बसते. एक दिवस हे बोलायला लागतील. बापाला कुणी मारलं म्हणून विचारतील, आणि तुमच्या भावाने मारलं, असं मला सांगावं लागेल.