एक पाऊल लांब, एक आखूड

आमच्या इमारतीचं अंगण फोडायचं ठरलं तेव्हा सगळ्यात मोठा आवाज माझा होता. फोडायचं मशीन नंतर आलं.

तसं ते अंगण म्हणजे काही बघण्यासारखं नव्हतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचा कोबा, कडेला दोन कुंड्या आणि कोणाची तरी पंक्चर सायकल. पण कोबा सपाट होता, आणि आमच्या ह्यांना चालायला तेवढी एकच सपाट जागा उरली होती. अर्धांगाचा झटका येऊन ह्यांची उजवी बाजू गेली. मग हळूहळू बोलणं परत आलं, हात थोडाफार आला, पाय मात्र रुसल्यासारखा मागेच राहिला. रोज सकाळी काठी घेऊन हे खाली उतरायचे आणि भिंतीच्या कडेकडेने फेऱ्या मारायचे. डावं पाऊल लांब पडायचं, उजवं आखूड. मी गॅलरीतून बघत उभी असायचे. फेऱ्या झाल्या की हे वर बघून काठी उचलायचे, म्हणजे चहा टाक.

हे मोजणी खात्यात होते. उभा जन्म लोकांच्या जमिनी मोजण्यात गेला. टेप बरोबर असायचीच, पण ह्यांचा खरा भरवसा पावलावर. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा ओसरीवरून एक चक्कर मारून माझ्या वडिलांना तिची लांबी सांगितली होती, माझ्याकडे मात्र धड बघितलंही नाही. पाहुणा गेल्यावर वडिलांनी टेप लावून बघितली तर जेमतेम बोटभराचा फरक. तेवढ्यावरच ह्यांना मुलगी दिली, असं मी अजून म्हणते. आजारपणानंतर एकदाच हे म्हणाले, "आता माझं पाऊल मोजायच्या लायकीचं राहिलं नाही." मी आतल्या खोलीत जाऊन रडून घेतलं.

त्यात बोअरचं पाणी आटलं. टँकर येऊ लागले, बादल्यांवरून कुरबुरी सुरू झाल्या. आमच्या वरच्या मजल्यावर एक आर्किटेक्ट मुलगी राहते. खोलीला रंग कोणता देऊ असं विचारलं तरी ती मातीबद्दल बोलायला लागते. मी तिचं नाव 'हिरवी' ठेवलं होतं. तिला ते माहीत होतं, वर आवडायचंही, आणि तेच माझ्या जास्त डोक्यात जायचं. तिने सगळ्यांना समजावलं की गच्चीवरचं पावसाचं पाणी आपण पाइपाने रस्त्यावर सोडतो, अंगणातलंही कोब्यावरून वाहून जातं, जमिनीत थेंब मुरत नाही, मग बोअरने पाणी आणायचं कुठून. कोबा फोडू, शोषखड्डे करू, गच्चीचा पाइप त्यांत सोडू, आणि चालायला सुटे दगड लावून मधे माती आणि गवत ठेवू. बोलणं पटण्यासारखं होतं, तीच तर पंचाईत होती.

मीटिंगमध्ये मी उभी राहिले.

"गवतात काठी रुतते. दगडावर पाय अडखळतो. हा माणूस घरात कोंडून पडला तर तुमच्यापैकी कोण येणार आहे त्याला चालवायला?"

सेक्रेटरी चष्मा पुसू लागले. हिरवीची मान खाली गेली. मी जिंकल्यात जमा होते. मग सेक्रेटरींनी चाचरत विचारलं की कोबा फोडायला कोणाकोणाची संमती आहे. शेजारी बसलेल्या ह्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि तो उजवा हात वर उचलून धरला. मी दबक्या आवाजात म्हटलं की नुसता डावा वर केला असता तरी चाललं असतं.

"डाव्याचं अर्धंच मत धरलं असतं त्यांनी," हे म्हणाले.

त्यानंतर खाली राहिलेला हात माझ्या एकटीचाच होता.

घरी येऊन मी तोंडाला कुलूप लावलं. चहा समोर आदळायचा आणि निघून जायचं. एका संध्याकाळी ह्यांनी माझा पदर धरून मला बसवलं. म्हणाले, "अगं, माझ्या चालण्यापायी सगळ्या इमारतीचं पाणी अडलंय, हे मला सोसायचं नाही." मी म्हटलं, आणि तुम्ही चालायचे थांबलात तर ते मी कसं सोसू. ह्यांनी माझा हात धरून ठेवला.

कोबा फुटला. अंगणात खड्डे, खडीचे ढीग, मातीचे ढिगारे. हे गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहिले आणि पाय आखडत गेला. आधी एकटे न्हाणीघरात जायचे, आता मला हाक मारायला लागले. माझा जीव टांगणीला लागला होता. हिरवी जिन्यात भेटली तर मी भिंतीकडे बघायचे.

एका दुपारी मी दाढ दाखवून परत आले तर दाराशी ह्यांचे बूट नाडीपर्यंत चिखलाने भरलेले. हे भिंतीकडे तोंड करून झोपलेले, तेही जरा जास्तच गाढ. उठवून विचारलं तर म्हणाले, कुंडीतली माती सांडली. आमच्या कुंडीत एवढी माती जन्मात नव्हती. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण दाढ इतकी ठणकत होती की मी नाद सोडला.

अखेर काम संपलं. भिंतीच्या कडेने खरबरीत, रुंद दगड, मधे माती, मातीत नुकतं धरू लागलेलं गवत. मी ह्यांना धरून खाली आणलं. हिरवी हात मागे बांधून कोपऱ्यात उभी होती. शेवटच्या पायरीवर हे थांबले. काठीने पहिला दगड चाचपला आणि ती परत मागे घेतली. मी सांगत नव्हते का, असं अगदी ओठांवर आलं होतं. ह्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी ते गिळलं. इतके दिवस काय काय बोलले होते, पण आपलं म्हणणं खरं ठरू नये असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

"थांबा," मी म्हटलं, "आधी मी जाऊन येते."

माझं चालणं मुळात तरातरा. पहिला दगड नीट आला. दुसरा इतका जवळ की अंगठा ठेचला, आणि तिसरा इतका लांब की पोचायच्या आत माझी चप्पल मातीत गेली. मी सगळा राग हिरवीवर काढला. दगड लावणाऱ्याला मोजता येत नव्हतं का, एक लांब, एक जवळ, माणसाने चालायचं कसं यावरून.

मागून हसू ऐकू आलं. आजारपणापासून ह्यांचं हसू एका बाजूला कलतं, आणि कित्येक दिवसांत ते मी ऐकलंच नव्हतं.

"मोजूनच लावलेत," हे म्हणाले. "मी मोजलेत."

मग हिरवीने सांगितलं. माझ्या दाढेच्या दुपारी, माती सपाट करून ओली केली होती तेव्हा, तिने आणि गवंड्याने ह्यांना दोन्हीकडून धरून भिंतीच्या कडेने एक फेरी मारायला लावली. जिथे जिथे बूट उमटला, तिथे तिथे दगड बसवला. "काका म्हणाले, काकूंना सांगू नकोस, नाहीतर त्या दाढ तशीच ठेवून घरी बसतील."

मी त्या दगडांच्या रांगेकडे बघत राहिले. लांब, आखूड, लांब, आखूड, पार कोपऱ्यावरून वळून गेलेली. इतके दिवस मी हे चालणं वरून बघत होते. पायात कधी घेतलं नव्हतं.

"घाई करू नकोस," हे पायरीवरून म्हणाले. "डावं टाक, लांब. मग उजवं, जवळ. असं." आणि मला दाखवायला म्हणून हे दगडावर उतरले. एक दगड, मग दुसरा. काठी टेकायलाही जागा होती. माझ्यापर्यंत आले तेव्हा एका दगडावर दोघं मावेनात, म्हणून मी मातीत उतरले आणि ह्यांना पुढे जाऊ दिलं. डोळे भरून आले होते, ते ह्यांनी बघितलं नाही, कारण हे पावलांकडे बघत होते.

आता बोअरला पाणी आहे. पुष्कळ नाही, पण टँकरची वाट बघावी लागत नाही. फाटकाकडे जायची वाट तीच, त्यामुळे सेक्रेटरी, दूधवाला, शाळेत पळणारी पोरं, सगळे एक लांब, एक आखूड असेच जातात. नवीन माणूस अडखळला की हे अंगणातल्या नव्या बाकावरून सांगतात, डावं आधी. हिरवी अजून हिरवीच आहे, फक्त आता तिचा चहा आमच्याकडे असतो.

सवय अशी लागली आहे की रस्त्यावर आले तरी माझं पाऊल थोडा वेळ तसंच पडत राहतं. परवा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने काळजीने विचारलं, काकू, पायाला काय झालं.

"काही नाही हो," मी म्हटलं. "आमच्या ह्यांचं पाऊल आहे."