बोट उलटी चालत नाही

सलग तीन फेऱ्या चुकल्या की उतारू नेण्याची धक्क्यावरची पाळी जाते, असा नियम मुकादमाच्या खोलीबाहेर पाटीवर लिहिला होता. ताईच्या दोन चुकल्या होत्या. तिसरी आज संध्याकाळी पाचची. आणि दुपारचे दोन वाजून गेले तरी तिच्या बोटीचं इंजिन पेट्रोल पीत नव्हतं, ओकत होतं.

"ओकतंय" हा उस्तादचा शब्द. उस्ताद धक्क्यावरचा एकुलता एक मेकॅनिक. त्याच्या शेडमध्ये ताईने कार्ब्युरेटर तिसऱ्यांदा उघडून बाकावर मांडला होता. दुखणं साधं दिसत होतं. कार्ब्युरेटरच्या तळाशी एक वाटी असते, तिच्यात पितळेचा पोकळ फ्लोट. पेट्रोल भरत आलं की फ्लोट तरंगत वर येतो आणि एका सुईला ढकलून पेट्रोलची वाट बंद करतो. पाण्याच्या टाकीतला गोळा करतो, तेच काम. इथे वाट बंद होत नव्हती. नळ उघडला की दोन मिनिटांत बाहेरची नळी ठिबकू लागे, प्लग भिजत, काळा धूर निघे आणि इंजिन मुकं होई.

"ताई, मेलेल्याला किती वेळा उठवणार?" उस्ताद म्हणाला. "कुठंतरी बारीक तडा असेल. नवीन मागवू. आठ दिवसांत येतोय."

"आठ दिवसांनी माझ्या पाळीवर मुकादमाचा मेहुणा बसलेला असेल."

"तो आजच बसलाय. तिकडे बघा, बोट धुतोय. नवरदेवासारखी."

ताईने तिकडे पाहिलं नाही. बाबांची कंबर गेल्यापासून तीन वर्षं ही बोट ती हाकत होती, आणि तीन वर्षं हा धक्का तिच्या चुकण्याची वाट बघत होता. तिने कार्ब्युरेटर उलटा धरला, पेट्रोलच्या तोंडाला नळी लावली आणि फुंकर मारली. हवा जराही आत जाईना. सुई घट्ट बसत होती. ही इथली जुनी चाचणी. उलटं धरायचं, फुंकायचं, हवा अडली की पास. सकाळपासून तो दोन वेळा पास झाला होता आणि दोन्ही वेळा बोटीवर जाऊन नापास.

दाराशी खुर्चीत बसलेले बाबा म्हणाले, "फ्लोटकडे बघू नकोस. तो मी झाळलाय. माझी झाळ आजवर सुटलेली नाही."

परवा फ्लोटला सुईच्या अग्राएवढं भोक पडलं होतं. बाबांनी ते कथलाने बुजवलं, आणि पुन्हा कधी वाकडं व्हायला नको म्हणून भोवतीचा जोडही सगळा कथलाने लिंपून टाकला. झाळ पक्की होती. ताईने फ्लोट गरम पाण्यात बुडवला होता, एक बुडबुडा आला नव्हता. कानाशी हलवला होता, आत थेंब वाजला नव्हता.

तिने पुन्हा कार्ब्युरेटर उलटा धरला, पण या वेळी फुंकर मारलीच नाही.

"उस्ताद, आपण उलटं का धरतो?"

"फ्लोट आपोआप सुईवर पडतो म्हणून. बोटाने दाबावा लागत नाही."

"म्हणजे तो वजनाने दाबतो. जितका जड, तितका जास्त. बोटीवर तो तरंगून दाबतो. तिथे जितका जड, तितका कमी." तिने कार्ब्युरेटर खाली ठेवला. "आपली चाचणी जड फ्लोटला शाबासकी देते. बोट काही उलटी चालत नाही."

उस्तादने डोकं खाजवलं. मग भंगाराचा डबा उपसला आणि त्याच जातीच्या इंजिनाचा एक जुना फ्लोट काढला. त्याचा बिजागरीचा कान तुटलेला होता, बसवायला निरुपयोगी. पण पोकळ होता, धड होता. ताईने काचेच्या बरणीत पेट्रोल ओतून दोन्ही सोडले. भंगारातला निम्मा वर राहिला. बाबांनी झाळलेला गळ्यापर्यंत बुडाला आणि नुसतं टाळकं दाखवत राहिला.

"चांगला पोहतोय की," बाबा म्हणाले.

"पोहत नाही बाबा, जीव वाचवतोय. सुई ढकलायला त्याच्यात जोरच उरत नाही. तोवर वाटी भरून वाहते."

"म्हणजे माझी चूक."

ताईच्या जिभेवर गुळमुळीत उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं. "हो. झाळ चांगली आहे, पण फार आहे. मी काढणार."

"हात लावलास तर याद राख."

"राखीन. पाचनंतर." तिने फ्लोट पुसला, वाळवला, बाकावरच्या पकडीत धरला आणि कानस चालवली. पांढरा चुरा बाकावर सांडत गेला. बाबांनी तोंड फिरवलं. सव्वातीन, साडेतीन. घासायचं, बरणीत सोडायचं, बघायचं, पुन्हा घासायचं. चारच्या सुमारास दोन्ही फ्लोट सारखे तरंगले. मग गरम पाणी. एक बुडबुडा निघाला. थांबून दुसरा.

भोक उघडं पडलं होतं.

ताईने कानस खाली ठेवली. तेव्हा खुर्ची करकरली. बाबा कमरेवर हात ठेवून उठले, पेट्रोलची बरणी त्यांनी बाहेर पाठवली आणि झाळायची डागणी तापत ठेवली.

"सर बाजूला. मोहरीएवढं कथील पुरे ना?"

"त्याहून कमी."

"मला शिकवू नकोस," असं म्हणून त्यांनी मोहरीहून कमी लावलं.

पाचला सात मिनिटं कमी असताना इंजिन दोरीच्या दुसऱ्या ओढीला पेटलं. ताईने नळीखाली कोरडा कागद धरला. इंजिन संथ लयीत चाललं होतं. कागद कोरडाच राहिला.

वर धक्क्यावर मात्र एकही उतारू नव्हता. मुकादमाने सगळ्यांना आधीच मेहुण्याच्या बोटीत भरून रवाना केलं होतं.

"उतारूच नाहीत," तो म्हणाला. "रिकाम्या बोटीची फेरी कसली लिहू?"

"पाटीवर 'फेऱ्या चुकल्या की' असं लिहिलंय. माणसं मोजा, असं कुठाय? वाचून दाखवा, मी इंजिन बंद करते."

मुकादम पाटीकडे वळला. स्वतःच लावलेली पाटी त्याने वरपासून खालपर्यंत वाचली, जणू मधल्या काळात कुणी एखादी ओळ घालून गेलं असेल.

"रिकामी, असं लिहीन."

"लिहा. पण वेळ पाचची लिहा."

उस्ताद हात पुसत आला आणि बोटीत चढला. "पलीकडच्या काठावर माझं काडीचं काम नाही," तो म्हणाला. "आता एक उतारू लिहा."

मुकादमाची सही होईपर्यंत ताई हलली नाही. मग तिने दोर सोडला. पलीकडे कामावरून सुटलेली माणसं परतीच्या बोटीची वाट बघत उभी असणार होती, आणि मेहुण्याच्या बोटीत ती सगळी मावणार नव्हती. ताईने वेग वाढवला.