दोन सुतांची फट

शेषेरावांची पहिली चूक खरी होती. पुढच्या तिन्ही त्यांनी स्वतःहून केल्या.

तीस वर्षं बसच्या बॉड्या बांधून ते निवृत्त झाले होते आणि नांदेडात देगलूर नाक्याजवळ पत्र्याकामाचं एका शटरचं दुकान चालवत होते. बायको केवळाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. पहाटे उठून स्वतःपुरती भाकरी थापायची, दुकान उघडायचं, संध्याकाळी उरलेली भाकरी खायची. मंगळवारी दुकानांची सगळी लाइन बंद असे. तो दिवस सरता सरत नसे.

मूळ लातूरच्या, पुण्यात नोकरीला असलेल्या सुदर्शनचा फोन आला तो मंगळवारीच. कुणीतरी त्याला शेषेरावांचं नाव सुचवलं होतं. त्याचे वडील भगवानराव वारले होते. त्यांनी कधीकाळी हैदराबादेहून हौसेनं आणलेली छप्पन सालची विलायती गाडी लातूरच्या घरी उभी होती, कापडी टपाची. तिला गिऱ्हाईक मिळालं होतं. टप नवा शिवून झाला होता, इंजिन चालू झालं होतं. अडलं होतं ते डाव्या दाराच्या काचेवर. काच वरखाली करणारी मशीन त्या दारात नव्हतीच. भगवानरावांनी वर्षानुवर्षं लाकडाची पाचर मारून काच धरून ठेवली होती. गाडी गेली की सुदर्शन घराला कुलूप लावून आईला पुण्याला नेणार होता. आईचं नाव चांगुणाबाई. वय अडुसष्ट.

नमुना म्हणून शेषेरावांनी उजव्या दाराची मशीन सोडवून नांदेडला आणली. दातेरी पट्टी जाड पत्र्यातून कापली, एकेक दात कानशीनं घासला. तीन आठवडे लागले. नव्या मशिनीला नाव ठेवायला जागा नव्हती. लातूरला नेऊन दारात बसवली, हँडल फिरवलं, तर तिचा हात काच उचलायचा सोडून बाहेरच्या पत्र्यावर आदळला. नमुना उजवा होता, म्हणून नक्कलही उजवीच झाली होती. डाव्या दाराला आरशात दिसते तशी उलटी हवी होती. आयटीआयच्या पहिल्या वर्षाचं पोरगंही अशी चूक करत नाही.

चांगुणाबाई आत सीटवर बसून हँडल फिरवत होत्या. त्यांनी आधी मशिनीकडे पाहिलं, मग मिस्तरीकडे.

"मिस्तरी, दोन्ही पायांत उजवीच चप्पल घालून आलात की."

शेषेराव हसले. आपलं हसणं त्यांना परक्यासारखं ऐकू आलं.

चांगुणाबाई सीटवर बसल्या होत्या त्याला कारण होतं. हे काम दोन माणसांचं असतं. एकानं आत हँडल फिरवायचं, दुसऱ्यानं बाहेरून दोन्ही तळव्यांत काच धरून तिला सरळ चढू द्यायचं. टपाच्या गाडीत काचेला वरून चौकट नसते. ती मोकळ्या हवेत चढते आणि टपाच्या रबरात जाऊन मिटते. सुदर्शनला पुण्याहून सुट्टी नव्हती, तेव्हा आत बसायला आई.

पुढच्या मंगळवारी शेषेराव त्याच मशिनीचा हात उलटा जोडून घेऊन गेले. काच चढली, रबरापासून दोन सूत खाली थांबली. पाव इंच. मशिनीला एक स्टॉपर असतो, काच कुठं थांबायची ते तो ठरवतो. तो जरा घासला की झालं. कानस शेषेरावांच्या हातात होती.

"हे नांदेडला नेऊन करावं लागंल," ते म्हणाले.

"न्या मग," चांगुणाबाई म्हणाल्या. "चहा घेऊन जा."

त्याच्या पुढच्या खेपेला काचेच्या खाचेतली मखमली पट्टी जाड निघाली. निदान शेषेरावांनी तसं सांगितलं. तोवर बोलण्याला रूळ सापडला होता. काच अर्ध्यावर असायची, आतून चांगुणाबाई बोलायच्या, बाहेरून ते.

"एकदा यांनी टप उघडून नायगावला नेलं मला. लोह्याच्या पुढं गेलो अन् पदरच उडाला. मी म्हणलं थांबवा, तर म्हणले, मागं हाय कोण बघायला."

"आमची केवळा बसमधी बी खिडकीला बसायची न्हाई. वारं लागतंय म्हणायची."

"आता सैपाक कोण करतंय?"

"मीच. करून राहिलो कसंतरी. मीठ काय ध्यानात राहत न्हाई."

"पडतंय का ऱ्हातंय?"

"दोनदा पडतंय."

चौथ्या मंगळवारी काच बसली. हँडलचा शेवटचा वेढा जड गेला, काच रबरात रुतली. चांगुणाबाई चुरमुऱ्यांची सुशीला आणायला आत गेल्या. दाराचं आतलं पान उघडंच होतं. शेषेरावांनी खिशातून एक वायसर, लोखंडाची पातळ चकती, काढला आणि स्टॉपरमागे सारला. त्या ताटली घेऊन आल्या तेव्हा वर पुन्हा दोन सुतांची फट होती.

"खाली आली की," त्या म्हणाल्या.

"स्प्रिंग बसली असंल. बघतो पुढच्या खेपंला."

शेजारच्या सरजाबाई भिंतीवरून डोकावल्या. "एका काचंला महिना? आमच्या घराचा स्लॅब पंधरा दिसांत पडला."

"स्लॅब कुठं वरखाली करायचाय?" चांगुणाबाईंनी तिथल्या तिथं मिटवलं. शेषेरावांनी मान खाली घालून सुशीला खाल्ली.

पाचव्या मंगळवारी ते पोचले तेव्हा चांगुणाबाईंच्या हातात फोन होता. स्पीकरवर सुदर्शन होता.

"काका, गिऱ्हाईक शुक्रवारी येतंय. आज होईल ना?"

"बघतो."

"बघतो नका म्हणू. मी आईचं सामान हलवायला परवा निघतोय."

फोन बंद झाला. चांगुणाबाई सीटवर जाऊन बसल्या, पण हँडलला हात लावला नाही.

"मिस्तरी, मागच्या मंगळवारी काच बसली व्हती."

शेषेराव पिशवीतला पेचकस शोधत राहिले.

"शेवटाला हँडल जड झालं. रबरात घुसल्याबिगर तसं व्हत न्हाई. मी आत जाऊन आले, तर हलकं."

पेचकस सापडला. तो हातात धरून ते उभे राहिले. "मग तवाच कामून बोलला न्हाईत?"

चांगुणाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडवलं. रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"आता गाडी परक्याच्या दारात चालली," त्या म्हणाल्या. "पावसात त्याच्या मांडीवर पाणी गळलं तर तो यांना नावं ठेवील. तुमचं तर त्याला नाव बी ठाऊक न्हाई. बराबर बसवून द्या."

शेषेरावांनी दाराचं पान काढलं, वायसर काढून सदऱ्याच्या खिशात टाकला. स्टॉपरचा बोल्ट आवळला. तेल दिलं. आता उगीच हात फिरवायलाही काही उरलं नव्हतं. त्यांनी दार लावलं आणि दोन्ही तळव्यांत काच धरली.

"फिरवा."

काच चढली. तळव्यांना ती धरावी लागलीच नाही, आपसूक सरळ गेली. दोन सुतांची फट भरली, रबर दबलं, काच थांबली. शेषेरावांनी नखानं कड चाचपली. नख शिरत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून याहून चांगलं काम झालं नव्हतं.

आत चांगुणाबाई काहीतरी बोलत होत्या. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. हात मांडीवर होते, नजर समोर, बंद फाटकाकडे. शेषेरावांना एक अक्षर ऐकू आलं नाही. ते वाकून काचेजवळ आले, तोवर बोलणं संपलं होतं. त्यांनी बोटानं खूण केली. काच खाली आली.

"काय म्हणलात?"

"बसली म्हणलं."

ओठ त्याहून बरेच जास्त हलले होते. पुन्हा विचारावं असं शेषेरावांच्या मनात आलं.

"दिवसातून दोनदा वरखाली करा. शुक्रवारपस्तोर हात बसंल तिचा."

"हाव."

"मग निघतो. अडीचची गाडी हाय."

"चहा?"

"नगं आता."

चांगुणाबाईंनी मान हलवली आणि हँडल धरलं. काच पुन्हा वर गेली, मिटली. शेषेरावांनी हत्यारं पिशवीत भरली, पिशवीची नाडी बांधली. जाताना त्यांनी काचेवर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं. आत चांगुणाबाईंनी हात वर केला, वळून पाहिलं नाही.

अहमदपूर गेलं, लोहा गेलं. शेषेरावांच्या शेजारची सीट नांदेडपर्यंत रिकामी होती. ते खिडकीला बसले होते, आणि बसची ती काच अर्ध्यावर अडकलेली होती. हे काम कसं करायचं ते त्यांना माहीत होतं. ते वारा खात बसून राहिले.