ओल्या फडक्यावरचं भूत

दर गुरुवारी येलदरीच्या रस्त्यालगतच्या माळावर एवढी गर्दी व्हायची, की एस.टी.सुद्धा अडायची. धुनीमहाराज तिथं भूत पकडायचे. वेडा आणा, दारुडा आणा. महाराज त्याला बिडीचा दणकून झुरका मारायला लावायचे, तोंडापुढं ओलं पांढरं फडकं धरून धूर सोडायला सांगायचे. फडक्यावर तपकिरी डाग उमटायचा.

"हे बघा थोबाड. हे डोळे, हे सुळे."

आणि लोकांना सुळे दिसायचेसुद्धा.

तानूला मात्र फक्त वर्गातली मालन दिसायची. फडकं धरायचा मान माणिकराव पाटलाच्या ह्या पोरीला. गणितात नापास, पण अंगावर नवं परकर-पोलकं, आणि बाया तिच्या पाया पडायलेल्या. तानूच्या पोटात नुसता जाळ.

रांगेत तानूचा अंगदकाकाही असायचा. परभणीच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी त्याच्या कानातले आवाज थांबले होते. डॉक्टर म्हणाले होते, "बिडीच्या धुरानं ह्या गोळीचा जोर कमी होतो. एकदम सुटत नसेल तर निदान कमी कर." पण घरातली रीत वेगळी. काका बिथरला, की नर्मदाकाकू बिडी पेटवून हातात द्यायची. तेवढाच गप बसतो, म्हणायची. महाराजांनी तर गोळ्याच बंद केल्या. "भुताला रोज कट्टाभर बिड्या पाजा, पोट भरलं की जाईल." भूत काही गेलं नाही, आवाज तेवढे परत आले. काका भिंतीशी भांडायला लागला.

मालनची जागा आपल्याला मिळावी म्हणून तानूनं गोठ्यात सराव मांडला. ओला रुमाल धरला आणि गडी ग्यानबाला म्हणाली, "मामा, फुका."

ग्यानबानं बिडीचा धूर सोडला. तोच डाग, तेच सुळे. आणि ग्यानबा तर गावात सगळ्यात थंड डोक्याचा माणूस. तानू रुमालाकडं बघतच राहिली. मालनचा मान गेला चुलीत. हाती त्याहून भारी काहीतरी लागलं होतं.

पुढच्या गुरुवारी ती गर्दीतून उठली. "महाराज, चांगल्या माणसानं फुकलं तर काय व्हतंय?"

"फडकं कोरं राहतंय, पोरी."

"मग माणिककाकांना फुकू द्या. त्यांच्यासारखा चांगला माणूस कोण हाय?"

माणिकराव खूश. मिशी सावरून त्यांनी झुरका घेतला, मालननं फडकं धरलं. डाग अंगदच्या दुप्पट.

"पाटील, तुमचं भूत तर जोडीनं राहायलंय," मागून कुणीतरी म्हणालं. माळ हसला.

"हे पाटलाच्या पूर्वजांचं..." महाराज सावरायला गेले.

"पूर्वजांचं नाव काढू नका," माणिकराव गुरकावले.

"तंबाखूचा चिकटा हाय तो," तानू म्हणाली. "फडक्यानं अडवला म्हणून दिसला. न्हाई अडवला तर छातीत जातोय."

मालननं स्वतःची पिवळी बोटं बघितली. "माझी बोटं दर गुरुवारी अशीच व्हत्यात," ती हळूच म्हणाली.

महाराज झोळी आवरायला लागले. अंगदनं फडकं हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"तानू, म्हंजी माझ्यात कुणी शिरलेलं न्हाई?"

"न्हाई काका. आजार हाय."

"मग चल. गोळी दे मला."

उठताना त्यानं खिशातला बिड्यांचा कट्टा काढला आणि दिला मालनला. "तू ठिव. लयच तलफ आली तर एक मागीन. तानूकडं दिला तर बिडीगणिक भाषण ऐकावं लागंल."

तानूच्या पोटात पुन्हा जाळ. पण काका बिडी मागायला मालनच्या दारी कमी कमी जायला लागला आणि भिंतीशी भांडण मिटलं, हे तिनंच डॉक्टरांना सांगितलं.

तेव्हा मंडळी, कुणी भूत दाखवलं की आधी शहाण्याला फुकायला लावा. आजारी माणसाला गप करायला बिडी देऊ नका, त्याची गोळी द्या. कट्टा खुशाल मालनकडं राहू द्या. तानू जळेल, पण तिच्या धुरानं कुणाची छाती भरत नाही.