नाल्यापुढचा बॅनर

"अगं, खिडकी लाव!" हे वाक्य त्या घरात दिवसातून कितीदा म्हटलं जायचं, याची गणती नव्हती.

पुढच्या खोलीत बॅनर छापायचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार आणि मागच्या भिंतीला चिकटून उघडा नाला. त्या नाल्यातून काय वाहतं ते सांगायलाच हवं, कारण तुम्ही-आम्ही ते बघायचं टाळतो. वरच्या वस्तीतलं संडासांचं पाणी, साबणाचा राखाडी फेस, गाठी मारून फेकलेल्या फुगलेल्या पिशव्या. एकदा एक मेलेलं कुत्रं पुलाच्या खांबाला अडकलं, ते कुजून सुटं होईपर्यंत कोणी हलवलं नाही. जोराचा पाऊस झाला की हेच पाणी मोरीतून उलटं घरात शिरायचं.

गेल्या पावसाळ्यात ते असंच शिरलं. बॅनरवाल्यांची थोरली बहीण, म्हणजे घरातली आत्या, ते पाणी उपसत होती. तिला मधुमेह होता आणि पायाला साधी ठेच लागलेली होती. जखम चिघळली आणि पायाची दोन बोटं काढावी लागली. आत्या स्वतः सरकारी दवाखान्यातली निवृत्त परिचारिका. डॉक्टरांचं पुढचं वाक्य तिला न सांगताच कळलं, तरी त्यांनी ते सांगितलंच, "पुन्हा हे पाणी लागलं, तर पाऊल वाचणार नाही."

विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि दुकानात कामाची झुंबड उडाली. बॅनरवाले छपाईच्या यंत्राशी आणि त्यांची मुलगी संगणकापाशी. मुलीने नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेतली होती. नोकरी लागेपर्यंत बॅनरची मांडणी तीच करायची.

त्या दिवशी बाजारातल्या व्यापारी मंडळाचं काम होतं. आपल्या मतदारसंघात गेल्या चार निवडणुकांत कोणता पक्ष निवडून आला, याचा मोठा फलक त्यांना चौकात लावायचा होता. मुलीने चार चौकोन आखले. जांभळा, पिवळा, तपकिरी, गुलाबी. दर वेळी पक्ष वेगळा, म्हणून रंग वेगळा.

बॅनरवाले मागे उभे राहून कौतुकाने बघत होते. "बघितलंस? हा आपला मतदारसंघ! कोणाची भीड ठेवत नाही. काम केलं नाही ना, दे आपटून! चार वेळा चार पक्ष."

"बाबा, मग नाला उघडाच कसा?"

"म्हणूनच तर आपटतो ना!"

मुलीचं समाधान झालं नव्हतं. प्रयोगशाळेत तिला एक सवय लागली होती. सगळं बदलूनही उत्तर तेच येत असेल, तर बदललं नाही असं काहीतरी आत असतं, ते आधी शोधायचं. तिने चौकोनांतले रंग पुसले आणि पक्षांऐवजी निवडून आलेल्या माणसाचं छायाचित्र टाकायला घेतलं.

पहिल्या चौकोनात भाऊ, म्हणजे इथले आमदार. दुसऱ्या चौकोनात भाऊ. तिसऱ्यात भाऊ, फक्त मिशी काळी केलेली. चौथ्यात पुन्हा भाऊ!

"बाबा, इकडे या जरा. तुम्ही चारही वेळा कोणाला मत दिलंत?"

"सांगितलं ना, जे सत्तेत होते त्यांच्या विरोधात."

"विरोधात म्हणजे कोणाला?"

बॅनरवाल्यांनी चारही चौकोन एकेक करून बघितले. "भाऊंना," ते शेवटी पुटपुटले.

भाऊंची रीतच तशी होती. पाच वर्षं सत्तेच्या मांडीवर बसायचं, आणि निवडणूक तोंडावर आली की 'जनतेवरचा अन्याय आता बघवत नाही' म्हणून पक्ष सोडायचा. लोक चिडून पक्षाला शिक्षा करायचे. भाऊ त्याआधीच उडी मारून पलीकडे, लोकांच्या रागावर स्वार! फलकावर भाऊंचे चारही चेहरे हसत होते.

तेवढ्यात भाऊंचा कार्यकर्ता दुकानात आला. आत आल्याबरोबर त्याने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

"काका, मोठं काम आणलंय. नव्या पक्षाचे वरिष्ठ नेते सभेला येणार. त्यांच्या गाड्या पुलावरून जातील. नाल्याच्या कडेने सलग बॅनर पाहिजेत, उंच. 'करून दाखवलं' असं मोठ्या अक्षरांत. आणि ताई," तो मुलीकडे वळला, "चित्रात हाच नाला, पण झाकलेला. वर फरश्या, झाडं, बाकं, म्हातारी माणसं फिरताहेत, असं काहीतरी. तुमच्या हाताला जादू आहे म्हणतात."

"पण नाला उघडा आहे," मुलगी म्हणाली.

"म्हणून तर बॅनर पाहिजेत!" तो खळखळून हसला. "पलीकडचं दिसणार नाही."

"आणि वास?"

"गाड्यांना काचा असतात ना ताई."

नाल्याच्या वासाची मुलीला सवय होती, हे त्याहून घाण होतं. तिने वडिलांकडे बघितलं. बॅनरवाले मान खाली घालून म्हणाले, "कर बाई. आपण छापणारे. आपल्याला काय करायचंय?"

तिने चित्र केलं. रागारागाने केलं, म्हणूनच की काय, फार सुंदर झालं. स्वच्छ फरशी, कडेला फुलझाडं, सकाळचं ऊन. कार्यकर्ता पडद्याजवळ वाकला. "वा! अगदी खरं वाटतंय!"

"खरं वाटतंय?" मागून आवाज आला. आत्या काठी टेकत दारात उभी होती. पायाला बांधलेलं फडकं चपलेत मावत नव्हतं. "मग चल. मागचं दार उघडते. दोन पावलं चालून दाखव त्यावरून."

"आत्या, तुमची आपली गंमत..."

"गंमत नाही रे बाबा. मी चालले होते. त्याची ही बिदागी," ती पायाकडे बोट दाखवून म्हणाली. "आणि आधी तो रुमाल काढ. इथे बाकं टाकलीत, झाडं लावलीत, मग नाक कशाला झाकतोस?"

त्याने रुमाल काढला नाही. "काका, बघा हं, भाऊंच्या कानावर जाईल," एवढंच म्हणाला.

बॅनरवाले कधी त्या रुमालाकडे बघत होते, कधी बहिणीच्या पायाकडे. आणि एकदम त्यांना स्वतःचीच शिसारी आली. हा खोटा नाला आपल्याच यंत्रावर छापायचा, आपल्याच घरामागे टांगायचा, आणि बहिणीने त्याच्या आड बसून पावसाची वाट बघायची!

"हे काम होणार नाही," ते म्हणाले. "दुसरीकडे न्या."

"विचार करा, काका!"

"चार वेळा केला नाही, तो आज केला. निघा!"

तो गेल्यावर बॅनरवाले खुर्चीत बसून बहिणीला म्हणाले, "ताई, मला वाटायचं, आम्ही यांना धडा शिकवतो."

"कसला धडा?" आत्या फटकळपणे म्हणाली. "चार वेळा नुसती पट्टी बदललीत. कधी पांढरी, कधी रंगीत. पट्टीखाली काय सडतंय ते उघडून कोणी बघितलंत? माझ्या वॉर्डात एखाद्या मुलीने असं केलं असतं, तर मी तिला उभं राहू दिलं नसतं."

व्यापारी मंडळाला फलक गेला, तो चार चेहऱ्यांचा. मंडळाच्या अध्यक्षांनी नाक मुरडलं, पण परत पाठवला नाही. चौकात लोक थांबून बघू लागले. कोणी हसलं, कोणी शिवी हासडली, कोणी म्हणालं, "हे तर आपल्याला माहीतच होतं की!" माहीत होतं, आणि तरीही बटण दाबत होते. यासारखी लाजिरवाणी गोष्ट कोणती?

नाल्याकडेचे बॅनर दुसऱ्या दुकानातून छापून आलेच. वर फुलझाडं आणि खाली, कापडाची कड चाटत जाणारा तो काळा ओघळ. गाड्या पुलावरून गेल्या. काचा बंद होत्या.

निकाल लागला. भाऊ पाचव्यांदा निवडून आले. मतं पुष्कळ घटली होती, पण आले. 'मतदारसंघात पुन्हा परिवर्तन!' असं वर्तमानपत्रांनी छापलं. पक्ष नवा होता ना!

बॅनरवाल्यांना जेवण गेलं नाही. "काय उपयोग झाला, ताई? काम गेलं, वैर आलं, आणि तो आहे तिथेच."

"राग आलाय?"

"राग? किळस आलीय. त्याचीही आणि आमचीही."

"मग झालं की काम," आत्या म्हणाली. "राग मतदानाच्या दिवशी ओकून टाकता आणि मोकळे होता, तिथेच तर त्याचं फावतं. ही किळस पाच वर्षं जिवंत ठेव. रोज त्याच्या डोळ्यांसमोर धर. तेवढंच औषध आहे."

बॅनरवाल्यांनी ताट बाजूला सारलं. मग मुलीला हाक मारली. "पोरी, एक नवा फलक कर. पक्ष नको, रंग नको. वर भाऊंचं नाव, त्याखाली त्यांचं नाला झाकायचं आश्वासन, आणि त्याखाली आजच्या नाल्याचं छायाचित्र. जसंच्या तसं. दर महिन्याला नवं काढायचं. आपल्याच भिंतीवर लावायचं, पुलावरून दिसेल असं. मोरी उंच करायचं कामही उद्याच काढतो, तुझ्या आत्याचा पाय कोणाच्या आश्वासनावर ठेवायचा नाही."

"आणि छायाचित्र काढायला नाल्यात कोण उतरणार?" मुलीने विचारलं.

"मीच उतरतो. इतकी वर्षं खिडकी लावून बसलो होतो."

नागरिकहो, मत द्यायला मिनिटभर पुरतं. ज्याला दिलं त्याच्यावर नजर ठेवायला पाच वर्षं लागतात, आणि ती पाच वर्षं आपण रंगांच्या गप्पा मारण्यात घालवतो. पक्ष पाडला म्हणून छाती फुगवण्याआधी, माणूस कोण होता आणि त्याने काय केलं, एवढं तरी बघा. नाही बघितलं, तर घाण फक्त नाल्यात नाही, आपल्या बोटांवरही आहे!