डाव्या सिलिंडरचा प्लग

मिस्त्रींना सगळी गल्ली ‘कानवाले’ म्हणायची. बाकीच्या गॅरेजांत भिंतीवर गेज टांगलेले असत. त्यांच्या नळ्या जोडून, दोन्ही सिलिंडरांना हवा-पेट्रोल पुरवणारे कार्बोरेटर सारखे चालतात का ते बघायचं, अशी रीत. मिस्त्रींना त्या गेजांचा मनस्वी तिटकारा. दोन सिलिंडरची मोटरसायकल आली की ते स्टुलावर बसत, हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावत, दुसरं आधी डाव्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरत, मग उजव्या. आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा फुसफुसाट दोन्हीकडे सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत राहत.

तो सारखा झाला याची साक्ष द्यायची त्यांच्या बायकोने. ती गाडीच्या मागे बसायची आणि दोन्ही सायलेन्सरांच्या तोंडांपासून वीतभर अंतरावर एकेक तळवा धरायची. तळव्यावर बसणाऱ्या धुराच्या धक्क्यांवरून सांगायची, “डावा ढिला आहे,” “आता उजवा जोर करतोय,” आणि शेवटी, “सारखं.” ती तसं म्हणाली की मिस्त्री स्क्रूड्रायव्हर खाली ठेवत. या पद्धतीला बाकीचे मेकॅनिक हसत, आणि स्वतःची गाडी मात्र गुपचूप मिस्त्रींकडे आणत.

यातली गेली दोन वर्षं मिस्त्री निव्वळ सोंग करत होते. इंजिनाची धडधड अजून ऐकू येत होती, पण बारीक आवाज एकेक करून गेले होते. आधी शिट्टी गेली, मग फोनची घंटा, मग तो फुसफुसाट. नळी कानाला लावली की आता नुसतं कोंदल्यासारखं वाटायचं. पण सांगणार कुणाला? ‘कानवाले’ बहिरे झाले हे गल्लीला कळलं असतं तर लोकांनी हसून हसून पोट धरलं असतं, आणि उरलं काय असतं त्यांच्याजवळ? बायकोलाही त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता, निदान त्यांची तशी समजूत होती. फोन आला की “हात काळे आहेत गं, तू बोल,” म्हणायचे. आणि कामाचं काय, तर तिचे हात होते ना. ती “सारखं” म्हणाली की झालं.

आज सकाळी सात वाजता त्यांची लेक त्यांनी बांधलेल्या गाडीवरून निघाली होती. दूरच्या शहरात बोटींची इंजिनं दुरुस्त करतात तिथे तिला नोकरी लागली होती, उद्या पहिला दिवस. गाडी दोन सिलिंडरची, जुनी, पण मिस्त्रींनी पंधरा दिवस खपून ती नवरीसारखी नटवली होती. हँडल दोन इंच वर घेतलं, सामानाला मागे लोखंडी कॅरियर वेल्ड केला, मागच्या चाकाचं दात्यांचं चक्र बदललं, इंजिनाला मोकळा श्वास मिळावा म्हणून हवेचा जुना डबा काढून सुटे फिल्टर चढवले. काल संध्याकाळी शेवटचं ट्यूनिंग झालं. लेक जवळ उभी होती. “बाबा, मी एकदा ऐकू का?” तिने विचारलं होतं. “माझ्यापुढे तू ऐकणार? सरक तिकडे,” मिस्त्री तिच्यावर खेकसले होते.

साडेनऊला बायकोने चहा आणून ठेवला. कप ठेवताना तिचा डावा तळवा वर झाला आणि मिस्त्रींना त्यावर फोड दिसला. चांगला मोठा, कमानीसारखा वाकलेला, पाण्याने टरारलेला.

“हे कधी भाजलं?”

तिने तळवा डोळ्यांसमोर धरला. आपल्याच हातावर फोड आहे हे तिला आत्ता कळत होतं. “तव्याचा चटका बसला असेल.”

“तवा असा कमानीत भाजतो?” मिस्त्रींनी तिचा हात ओढून घेतला आणि त्या फोडावर अंगठा दाबला. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि मग जरा उशिरानेच म्हणाली, “दुखतंय.”

“डोळे मीट.”

“अहो, हे काय पोरासारखं!”

“मीट म्हणतो ना!”

तिने मिटले. मिस्त्रींनी तिच्या मधल्या बोटाचं टोक चिमटीत धरलं. “कुठलं बोट धरलंय?”

“करंगळी,” ती म्हणाली.

मिस्त्रींनी तिचं बोट सोडलं. तिने डोळे उघडले आणि पदराने हात झाकला, चोरी पकडली गेल्यासारखा.

“साखर वाढली ना, तेव्हापासून,” ती म्हणाली. ती त्यांच्या समोर येऊन, मोठ्याने आणि सावकाश बोलत होती. अलीकडे ती असंच बोलायची. “दोन वर्षं झाली. बधिर झालेत दोन्ही. म्हटलं, तुम्ही ऐकताच आहात, मी कशाला मध्ये नाट लावू?”

“मग ‘सारखं’ कशावरून म्हणायचीस?”

“तुमचा हात थांबला की म्हणायचे.”

आणि मिस्त्रींचा हात थांबायचा तो ती आता बोलणार असं तिच्या तोंडाकडे बघून वाटलं की! दोन वर्षं दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघून गाड्यांचं ट्यूनिंग लावत होते. इंजिनाला कुणी विचारलंच नव्हतं.

काल तिने तळवा कुठे धरला असेल? वीतभर अंतर कळायला हाताला धग कळावी लागते. हात सायलेन्सरला टेकला होता, डाव्या सायलेन्सरला, आणि तिला त्याची गंधवार्ताही नव्हती. मिस्त्रींना एकदम आठवलं, काल त्यांनी प्लग बदलले होते. जुने दोन प्लग न बघताच डब्यात टाकले होते. बघायची गरज काय होती? कान होते, हात होते! त्यांनी डबा बाकावर उपडा केला. ‘डा’ आणि ‘उ’ अशा कागदाच्या चिठ्ठ्या गुंडाळायची त्यांची सवय होती. उजवा प्लग उघडला, बिस्किटाच्या रंगाचा, निरोगी. डावा उघडला. तो खडूसारखा पांढराफटक होता.

पांढरा म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. म्हणजे डाव्या कार्बोरेटरच्या रबरी जोडाला कुठेतरी चीर होती आणि तिच्यातून हवा आत शिरत होती. असा जोड सापासारखा फुसफुसतो, मेकॅनिकीच्या पहिल्या वर्षाचं पोरही ओळखेल. गावात फिरताना काही होत नाही. पण सलग तीन तास वेगात पळवलं की तो सिलिंडर तापत जातो, पिस्टन फुगतो आणि आत चिकटतो. मग मागचं चाक जागच्या जागी थांबतं. गाडी थांबत नाही, फक्त चाक थांबतं. साडेनऊ वाजले होते, म्हणजे लेक डोंगराच्या उतारावर असणार, मागेपुढे मालाचे ट्रक.

त्यांनी फोन लावला. कानाला लावल्यावर कळलं की वाजतोय की नाही हेही त्यांना समजणार नाही. हात काळे असल्याचं सांगायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी मुकाट्याने फोन बायकोपुढे धरला.

“वाजतोय,” ती म्हणाली. “उचलत नाही.”

“परत लाव.”

“उचलत नाही हो. चालवताना ती कुठे उचलते?”

मिस्त्रींनी पांढरा प्लग खिशात टाकला, बाकावरून पाने गोळा केले, पिशवीत कोंबले, दारात लावलेल्या गिऱ्हाइकाच्या स्कूटरवर बसून किल्ली फिरवली. घाईत स्टँड निघेना. बायको स्कूटरला आडवी आली.

“अडीच तास पुढे आहे ती. तुम्ही गाठणार कसे?”

“बाजूला हो.”

“आणि मागून ट्रक आला तर?”

“आला तर आला! हॉर्न देईल तो!”

 ती स्कूटरच्या हँडलवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मिस्त्रींनी मान फिरवली. तिला ठाऊक होतं तर, म्हणूनच ते समोर येऊन मोठ्याने बोलणं, कधीपासून कोण जाणे. दोन वर्षं जपलेलं सोंग तिच्यासमोर नागडं पडलं होतं आणि त्यांना त्याची लाजही वाटत नव्हती, लाजायला मनात जागाच नव्हती. ते स्कूटरवरून उतरले आणि पायरीवर बसले. आपण आपल्या हातांनी लेकीला मारलं, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं.

बायको फोन लावत राहिली. समोरचा शिंपी मशीन थांबवून दारात आला आणि काय झालं म्हणून विचारत तिथेच उभा राहिला. दहा वाजले. सव्वादहा झाले. मिस्त्री तिच्या ओठांकडे डोळे लावून बसले होते. फोन लागल्याचं त्यांना कळलं ते तिच्या चेहऱ्यावरून.

“अगं, गाडी थांबव! आहेस तिथे थांबव!” ती ओरडत होती. मग गप्प झाली. ऐकत राहिली. तिचे खांदे हळूहळू खाली आले आणि ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

“काय? काय झालं? सांग की!”

तिने फोन छातीशी धरला. बोलावं की न बोलावं, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग तिने त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि गल्ली ऐकेल एवढ्या आवाजात सांगितलं, “जोड तिने बदलला. सकाळीच, गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर. नवा रबर बरोबर घेऊनच निघाली होती. चहा प्यायला थांबलीय, बरी आहे.”

मिस्त्रींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ढसाढसा रडले. शिंपी आत निघून गेला.

“तिला कळलं कसं?” डोळे पुसत त्यांनी विचारलं.

“काल ऐकलं म्हणे, आपण लावत होतो तेव्हाच.” ती अडखळली. “आपण लावलेली प्रत्येक गाडी ती नंतर पुन्हा लावते. तुम्ही जेवायला गेलात की. दोन वर्षं.”

दोन वर्षं. बेकरीवाल्याची गाडी, पोस्टमास्तरांची, त्या डॉक्टरीणबाईंची, ज्या म्हणाल्या होत्या की तुमच्या हाताला देवाने काहीतरी दिलंय. मिस्त्री एकेक गाडी आठवत गेले आणि एकेक गाडी त्यांच्या हातातून जात राहिली. शेवटी एकही उरली नाही.

“ती म्हणते,” बायको म्हणाली, “मी परत येते. नोकरी नको. तुमचं दोघांचं कसं होणार.”

मिस्त्रींनी तिच्या हातातून फोन घेतला. कुठलं टोक तोंडाशी येतं हेही त्यांनी नीट बघितलं नाही.

“ऐक,” ते ओरडले. “तू काय बोलतेस ते मला कळत नाही. मला ऐकू येत नाही. कळलं? बहिरा झालोय मी. तेव्हा तू बोलू नकोस, नुसतं ऐक. परत यायचं नाही. पुढे जायचं. गॅरेजचं मी बघतो, आईच्या हाताचं मी बघतो, गेज आणीन, नाहीतर कुलूप लावीन. पण तू माघारी वळलीस तर मी दार उघडणार नाही. जा आता.”

पलीकडून काहीतरी येत असणार. ते काय होतं, हे कळायला त्यांच्याजवळ मार्ग नव्हता. त्यांनी थोडा वेळ फोन तसाच कानाला धरून ठेवला, मग बायकोला दिला. गल्लीत चार-पाच जण दारात येऊन उभे होते, सगळ्यांनी ऐकलं होतं. मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी नजरा वळवल्या.

बायको ऐकत होती. एकदा “हो” म्हणाली. मग नुसतीच ऐकत राहिली.

“काय म्हणाली?”

“काही नाही म्हणाली. फोन चालू ठेवून गाडीला किक मारली. मग म्हणाली, निघते.”

“कुठल्या बाजूला?”

“पुढे.”

मिस्त्रींनी मान हलवली. खिशातला पांढरा प्लग काढून मुठीत धरला, मग पायरीवर ठेवला.

“कशी वाजत होती?” त्यांनी विचारलं. जन्मात पहिल्यांदा ते हे दुसऱ्याला विचारत होते.

“छान वाजत होती,” ती म्हणाली.