अप्पारावांची शेवटची मरळ

शनिवारी, एकादशीच्या दिवशी, अप्पारावांनी माळ घातली नाही. पुंजाराम महाराज माळ घेऊन आले होते, ते चहा पिऊन माळेसकट परत गेले.

पण हे अजून झालेलंच नाही, तेव्हा ते विसरून जावं. आज गुरुवार आहे, सकाळचे सात वाजलेत, आणि अप्पारावांची सून संध्या पूर्णेच्या काठावर एका मेलेल्या कटला माशाच्या डोळ्यांत डोळे घालून बसली आहे.

"ह्याला कधी धरला?" तिनं विचारलं.

"आत्ताच, वहिनी." हा रामकिसन. तीस वर्षं ह्याच नदीत जाळं टाकतो आणि तितकीच वर्षं चेहरा न हलवता 'आत्ताच' म्हणतो.

संध्यानं कटल्याचा कल्ला उचलला. लाल असायला पाहिजे तो विटकरी झाला होता. डोळा आत गेलेला. बोटानं अंग दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

"आत्ता म्हंजी कोणत्या आठवड्यात?"

"पाणी सगळीकडं एकच असतंय, वहिनी."

"पाणी एकच असंल. हा बरफात बसून ट्रकनं आल्ता. मला पूर्णेतली मरळ पायजे. जिती."

"मरळ काय सांगून निघती का?"

"मी बसते की," म्हणून संध्यानं पिशवीतून शेंगदाणे काढले.

तिच्या बसण्याला कारण होतं. शनिवारी अप्पाराव माळकरी होणार होते, आणि गळ्यात माळ पडली की मासा कायमचा बंद. सासूबाईंनी, म्हणजे चांगुणाबाईंनी, अठरा वर्षांपूर्वीच माळ घातली होती. तेव्हापासून ह्या घरातला मासा अंगणात गेला होता. लिंबाखाली तीन दगडांची चूल आणि खोडातल्या खिळ्याला टांगलेली वेगळी कढई. ती कढई उंबरा ओलांडत नसे आणि चांगुणाबाई चुलीकडे फिरकत नसत.

संध्या अंकुशनगरची. वडील साखर कारखान्यात, गोदावरी सायकलच्या टप्प्यात, त्यामुळे माशाला तिचा हात लहानपणापासून बसलेला. पण लग्नाला चार वर्षं झाली, आणि ह्या चार वर्षांत अप्पारावांनी तिच्या हातच्या प्रत्येक माशाला एकच शेरा दिला होता: "बरंय." हाच शेरा त्यांनी तिला बघायला आले तेव्हा दिला होता, गावात मोबाईलचा टॉवर आला तेव्हा दिला होता, आणि म्हैस मेली तेव्हाही दिला होता. शनिवारनंतर तो कायम होणार होता. संध्याला एकदाच "चांगलं झालंय" ऐकायचं होतं. मग माळ घालून माणूस हिमालयात गेला तरी तिची हरकत नव्हती.

अडचण वारांची होती. आज गुरुवार दत्ताचा, आज मासा चालत नाही. शनिवारी एकादशी. राहिला शुक्रवार, आणि त्या दिवशी दशमी. दिवस मावळला की संयम सुरू, असं अप्पारावांनी महाराजांशी बोलून ठेवलं होतं. म्हणजे जे काही करायचं ते उद्या, उजेडात.

रामकिसननं जाळं टाकलं. चिलापी मासळी निघाली. परत टाकलं. परत चिलापी. तिसऱ्यांदा एक चप्पल निघाली.

"ही ताजी है," रामकिसन म्हणाला.

"कल्ला दाखव," संध्या म्हणाली.

अकराच्या सुमाराला लव्हाळ्यात लावलेला गळ ताणला गेला आणि मरळ आली. हातभर लांब, पाठ काळी, डोकं सापासारखं, आणि नजर अशी की चूक आपलीच आहे. रामकिसननं ती छातीशी धरली.

"ही मी घरी ठेवून राह्यलो, वहिनी."

"आज तुमच्या घरी गुरुवार न्हाई का?"

रामकिसननं मरळीकडे बघितलं. "है."

"अन् उद्या?"

त्याच्या बायकोचे शुक्रवार चालू होते. शुक्रवारी तिच्या घरात आंबट चालत नव्हतं, मग मासा कुठला. रामकिसननं मरळ संध्याच्या बादलीत सोडली.

घरी आल्यावर तिनं ती बैलांच्या हौदात टाकली आणि वर फरशी सरकवली.

"फरशीवर दगड ठेव," चांगुणाबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या. "मरळ उडी मारती."

"तुम्हाला काय ठावं, आत्या? अठरा वर्षं झाले सोडून."

"मासा सोडला, अक्कल न्हाई सोडली."

संध्यानं दगड ठेवला नाही. शुक्रवारी सकाळी बैलानं पाणी प्यायला फरशी ढकलली होती आणि हौदात मरळ नव्हती. तिच्या नवऱ्यानं, कल्याणनं, आपल्या जीपखाली वाकून बघितलं, मग जीपमध्येही बघितलं. कारण काळी-पिवळी टॅक्सीत कोण कधी येऊन बसेल सांगता येत नाही. संध्या मात्र हौदापासून जमिनीवरची ओल धरत गेली आणि गव्हाणीशी थांबली. ओल्या कडब्यात मरळ पडली होती, जिवंत, श्वास घेत. बैल चार पावलं मागं सरकून अदबीनं उभा होता.

अप्पारावही येऊन बघून गेले. "बरंय," म्हणाले.

संध्यानं दात आवळले. मरळीला राख चोळली, बुळबुळ काढली, गोल तुकडे केले, हळद-मीठ लावलं. कांदा आणि खोबरं निखाऱ्यावर भाजून पाट्यावर वाटलं, काळा मसाला आणि लसूण तेलात टाकला, चिंचेचा कोळ बाजूला ठेवला. उंबऱ्यावर चांगुणाबाई नाक पुढं करून बसल्या होत्या.

"लसूण कच्चा है अजून."

"हो, आत्या."

"आता टाक तुकडे. पळी नको घालू, कढई धरून फिरव. मीठ चिमूटभर कमी है."

"चाखून बघते."

"चाखायचं काय काम? उकळीच्या आवाजावरून कळतंय."

कालच्या दगडाचं आठवून संध्यानं चाखलं नाही. निमूट चिमूटभर मीठ टाकलं.

दुपारी अप्पाराव लिंबाखाली बसले. ज्वारीची भाकरी कुस्करली, रस्सा ओतला, पहिला तुकडा खाल्ला. मग दुसरा. मग तिसरा. संध्या समोर उभी होती. त्यांनी मुंडकं मागितलं, गालाचं मांस काढलं, काटे ओळीनं ताटाच्या कडेला लावले, कढई पुसून घेतली आणि हात धुतले.

"बरंय," म्हणाले.

संध्यानं कढईत बघितलं. तिला चव बघायलाही काही उरलं नव्हतं.

"मामा, बरंय म्हंजी काय? म्हैस मेल्ती तवा बी बरंय."

"विचार, विचार," चांगुणाबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या. "मी चाळीस वर्षं झाले इचारून राह्यले."

अप्पारावांनी प्रश्नावर नीट विचार केला आणि झोपले.

शनिवारी जे झालं ते झालेलं नाही असं आपलं ठरलेलंच आहे. फक्त एवढं, की महाराजांची पाठ फिरल्यावर अप्पारावांनी सुनेला हाक मारली.

"कागद आण. अर्ज लिहायचाय. माझा चष्मा सापडंना."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. संध्या कागद घेऊन बसली. ते सांगत गेले, ती लिहीत गेली, आणि तिसऱ्या ओळीला तिचा पेन थांबला.

"मामा, हे परत सांगा."

"एकदा सांगितलंय. लिही जल्दी."

"मिठाचं बी येऊ द्या त्यात," उंबऱ्यावरून आवाज आला.

प्रति,
मा. तहसीलदार साहेब, जाफराबाद.

विषय : एकादशी पुढे ढकलणेबाबत.

महोदय,
वरील विषयी अर्ज सादर करतो की, माळ घालण्यास माझी हरकत नाही. परंतु माझी सून सौ. संध्या हिने दशमीस केलेली मरळ फार चांगली झाली होती. ही बाब माझ्या लक्षात येण्यास चार वर्षे विलंब झाला, याबद्दल क्षमस्व. मीठ माझ्या पत्नीच्या सांगण्यावरून पडले असून त्याची स्वतंत्र नोंद घ्यावी. तरी सदर विलंब भरून निघेपर्यंत, म्हणजे पुढील चार वर्षे, जाफराबाद तालुक्यातील सर्व एकादशा स्थगित ठेवण्यात याव्यात, व तसे चंद्रास आपल्या स्तरावरून लेखी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.